सगळ्यांचंच बीपी ११०/७० कसं?

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात कुणी गरोदर आहे त्यांनी पूर्ण वाचा. बाकीच्यांनी चहा घेता घेता वाचली तरी चालेल.

गेल्या रविवारी आपल्या गावात गरोदर मातांचं शिबिर झालं. मांडव, स्पीकर, वाढदिवसाचा बॅनर आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला एक पिशवी. पिशवीवर फोटो कुणाचा होता ते सगळ्यांनी पाहिलंय. मी नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की मुद्दा ह्या पार्टीचा आणि त्या पार्टीचा होतो आणि खाली दोन दिवस तेच चालतं. पिशवीत काय होतं ते सांगतो. एक टॉवेल, खजुराचं पाकीट आणि 'अँटिऑक्सिडंट' असं ठळक छापलेल्या पावडरीच्या पंधरा पुड्या. माझ्या दुकानात ही पुडी ३८ रुपयांना मिळते.

हो, माझ्याच दुकानात. माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. त्यामुळे ही पोस्ट वाचून उद्या कुणी म्हणणार, "तू पण विकतोस की." विकत होतो. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

शिबिराला दीडशेच्या आसपास बायका आल्या होत्या. बीपीचं मशीन एक. अकराच्या सुमारास त्याचे सेल उतरले. सेल आणायला पोरगं पाठवलं, ते कुठं गेलं देव जाणे. पण रांग काही थांबली नाही, कार्डं भरली जात होती. दुपारी त्यातल्या नऊ जणी माझ्या दुकानात आल्या, गोळ्या घ्यायला, काहीजणी नुसत्या पुडी दाखवून विचारायला, की दादा ही दुधातून घ्यायची का पाण्यातून. मी प्रत्येकीचं कार्ड मागून बघितलं. नऊपैकी आठ कार्डांवर बीपी ११०/७०. एकोणीस वर्षांची पोरगी, तिचं ११०/७०. पस्तिशीची, तिसरं बाळंतपण, पायाला सूज, तिचंही ११०/७०. मी काउंटरखालचं मशीन काढून त्या पस्तिशीच्या बाईचं बीपी घेतलं. १४८/९६ आलं. दहा मिनिटं बसवून परत घेतलं, १४६/९४. तिला त्याच दिवशी जिल्ह्याच्या गावी पाठवलं. ती ठीक आहे, औषध सुरू झालंय.

मला राग कशाचा आला? सेल उतरल्याचा नाही. सेल माझ्या दुकानातही उतरतात. ज्या आजाराच्या नावाने ती पुडी वाटली, तो आजार ओळखायचं एकमेव साधन मांडवात बंद पडलं होतं आणि त्याची कुणाला खंत नव्हती. पुड्या मात्र एकीलाही कमी पडल्या नाहीत.

आता पुडीवर काय लिहिलंय ते वाचूया. "वारेचं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसपासून संरक्षण." मागच्या बाजूला वारेचं रंगीत चित्र, त्यावर लाल ठिणग्या आणि ठिणग्या विझवणारी हिरवी ढाल. गंमत म्हणजे चित्रातलं शास्त्र अगदीच खोटं नाही. म्हणून तर ते विकलं जातं. तेवढं खरं काय आहे ते आधी समजून घेऊ.

वार म्हणजे काय हे आपल्या आया-आज्यांना माहीत होतं. बाळाच्या मागून वार पडली का, पूर्ण पडली का, हे सुईण बघायची. दिवस भरत येतात तेव्हा वार साधारण अर्ध्या किलोची असते आणि आईच्या अंगातून तिच्याकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जातं. बाळाचं फुफ्फुस, मूत्रपिंड, आतडं, सगळं तीच. पण सुरुवातीला तसं नसतं. पहिले दोन-अडीच महिने आईच्या रक्तवाहिन्यांची तोंडं वारेच्याच पेशींनी बुच मारल्यासारखी बंद केलेली असतात. गर्भ तेव्हा फार कमी ऑक्सिजनमध्ये वाढतो, आणि ते त्याच्या सोयीचंच असतं, कारण त्याचे अवयव घडत असतात आणि ऑक्सिजनच्या ठिणग्या तेव्हा परवडणाऱ्या नसतात. मग दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास हे बुच सुटतात. इंग्लंडमधल्या जॉनियो आणि बर्टन ह्या शास्त्रज्ञांनी २००० साली हे मोजून दाखवलं. आठव्या आठवड्यात वारेतला ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या आत असतो, बाराव्यापर्यंत तो ५० च्या वर जातो. महिनाभरात अडीच-तीन पट.

एवढा ऑक्सिजन एकदम आला की पेशीच्या आत जळजळ होणारच. जिथं ऑक्सिजन जळतो तिथं फ्री रॅडिकल तयार होतात, हे तुमच्या-माझ्या अंगातही दर क्षणाला चालू असतं. त्यांना विझवायला पेशीकडे स्वतःची माणसं आहेत. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज नावाचं एन्झाइम (अमेरिकेत मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये त्याचं काम ओळखलं) ठिणगीचं रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करतं. मग कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही दोन एन्झाइमं त्या पेरॉक्साइडचं पाणी करून टाकतात. हायड्रोजन पेरॉक्साइड तुम्ही पाहिलंय, जखमेवर टाकल्यावर फेस येतो ना, तो आपल्या रक्तातल्या कॅटालेजमुळेच येतो. कॅटालेजचा एक रेणू सेकंदाला लाखो रेणू फोडतो. वारेत ऑक्सिजन वाढतो तशी ही एन्झाइमंही वाढतात. शरीराने आधीच बंदोबस्त केलेला आहे.

मग बिघडतं कुठं? काही बायकांमध्ये आईच्या रक्तवाहिन्या जेवढ्या रुंद व्हायला हव्यात तेवढ्या होत नाहीत. पाईपचं तोंड बोटाने दाबून धरलं की पाण्याची पिचकारी कशी जोरात उडते, तसं रक्त वारेवर येऊन आदळतं. शिवाय पुरवठा सलग राहत नाही, कमी-जास्त होत राहतो. शेतकरी लोकांना हे लगेच कळेल. लाईट पूर्ण गेली तर मोटर नुसती बंद पडते. लाईट ये-जा करायला लागली की मोटर जळते. वारेचं तसंच होतं. एन्झाइमं कमी पडतात, ठिणग्या वाढतात, आणि दुखावलेली वार आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जायला लागतात, लिव्हर सुजतं, डोकं दुखतं आणि हाताबाहेर गेलं की झटके येतात. प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात त्याला. वार अंगात आहे तोवर हा आजार पुरता बरा होत नाही.

पुण्यात भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत साधना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अशा आयांच्या वारा तपासल्या आहेत. वारेतला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, बी-१२, होमोसिस्टीन, फॅटी ॲसिडं, सगळं बघितलंय. म्हणजे हा विषय परदेशातला नाही आणि खोटाही नाही. खोटी आहे ती पुढची उडी. "ठिणग्या वाढतात, म्हणून ही पुडी घ्या."

ही उडी मी आजच हाणून पाडत नाहीये, ती जगभर कधीच तपासून झाली आहे. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

१९९९ मध्ये लंडनमध्ये २८३ बायकांवर एक चाचणी झाली. जोखीम असलेल्या बायकांना रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिलं. ज्यांना नुसती खोटी गोळी दिली त्यांच्यात १७ टक्क्यांना प्रीएक्लॅम्प्सिया झाला, व्हिटॅमिनवाल्या गटात ८ टक्क्यांना. निम्म्याहून कमी! सगळीकडे आनंदीआनंद. पण ज्यांनी ही चाचणी केली ती माणसं प्रामाणिक होती. ते म्हणाले, आकडा लहान आहे, मोठी चाचणी करूया. ती केली, त्याच लंडनच्या गटाने, २४०० हून जास्त बायकांवर. २००६ मध्ये निकाल आला. प्रीएक्लॅम्प्सियात काहीही फरक नाही. उलट व्हिटॅमिनवाल्या गटात कमी वजनाची बाळं जास्त. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाची चाचणी, उपयोग शून्य. २०१० मध्ये अमेरिकेची, दहा हजारांवर बायका, उपयोग शून्य.

इथं कंपनीचा माणूस मला म्हणाला होता (माझ्याच काउंटरवर कोपर टेकून), "सर, त्या गोऱ्या बायका खाऊन-पिऊन सुखी. आपल्याकडच्या बायकांचं पोषणच कमी, त्यांना नक्की फायदा होणार." ऐकायला बरोबर वाटतं. मलाही वाटलं होतं. पण हेही तपासून झालंय, आणि कुठं? आपल्या नागपुरात. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, पेरू, दक्षिण आफ्रिका आणि व्हिएतनाम ह्या चार देशांत, पोषण कमी असलेल्या आणि जोखीम जास्त असलेल्या बायकांवर हीच व्हिटॅमिनं वापरून बघितली. भारतातलं केंद्र नागपूर होतं. एकूण १३६५ बायका. २००९ मध्ये निकाल छापला. फरक नाही. २०११ मध्ये संघटनेने स्पष्ट लिहून टाकलं की प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी सी आणि ई व्हिटॅमिन देऊ नये.

म्हणजे नागपूरच्या गरीब बायकांनी आपल्या अंगावर ही चाचणी घेतली, उत्तर मिळालं, ते छापलंही गेलं, आणि इतक्या वर्षांनंतर त्याच महाराष्ट्रातल्या दुसऱ्या गरीब बायकांना आपण तीच गोष्ट पुडीत घालून, वर फोटो लावून वाटतोय. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

का होत नसेल उपयोग? डॉक्टर मंडळी जास्त सांगतील, मला समजलेलं सांगतो. एन्झाइम पुन्हा पुन्हा काम करतं, व्हिटॅमिनच्या रेणूचं तसं नाही. जिथं आग आहे तिथं, त्या पेशीच्या त्या कोपऱ्यात, तो पोचेलच असं नाही. काही ठिणग्या शरीर निरोप पाठवायला वापरतं, सगळ्याच विझवून चालत नाहीत. आणि मूळ बिघाड अरुंद राहिलेल्या रक्तवाहिनीत आहे. लाईट ये-जा करतेय आणि आपण मोटरीवर ओलं फडकं टाकतोय. काही पुड्यांवर तर 'एसओडी एन्झाइमयुक्त' असंही लिहिलेलं असतं. अहो, एन्झाइम म्हणजे प्रथिन. पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. ते थेट वारेत जाऊन नोकरीला लागत नाही.

आता पुडी हातात घ्या आणि सगळ्यात बारीक अक्षरातली ओळ वाचा. भिंग लागेल. 'नॉट फॉर मेडिसिनल यूज.' औषधी वापरासाठी नाही. हे मी म्हणत नाही, कायद्याने छापावं लागतं, कारण हा माल औषध म्हणून नोंदलेलाच नाही. त्याचा परवाना फूड सेफ्टीवाल्यांचा आहे, बिस्किटाला असतो तसा. औषधाला आधी उपयोग सिद्ध करून दाखवावा लागतो, ह्याला तसा लागत नाही. किमतीवर नियंत्रण नाही. ज्या औषधांची किंमत सरकार ठरवतं त्यावर आम्हा दुकानदारांना १६ टक्के सुटतात. ह्या पुडीवर किती सुटतात? मला ३५ टक्के मिळत होते, वर दहा डब्यांवर दोन डबे फुकट. दिवाळीला मिक्सर. हे लिहितोय म्हणून केमिस्ट लोकांच्या ग्रुपमधून मला काढतील, काढू देत.

आता माझं.

चार वर्षांपूर्वी माझी चुलत बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, सहावा महिना संपत होता. मीच तिला ही पुडी सुरू केली. कुठल्या डॉक्टरने लिहून दिली नव्हती. घरचं माणूस म्हणून दहा टक्के कमी लावले आणि वर मला वाटलं की आपण फार काळजी घेतोय. दोनदा तपासणीला नेलं, कुठं ते लिहीत नाही. दोन्ही वेळा कार्डावर ११०/७०. डोहाळजेवणाला तिची जोडवी बोटात जाईनात. काकू म्हणाल्या, पाय सुजतातच ह्या दिवसांत. सगळ्यांनी मान डोलावली, मी पण. पुढच्या आठवड्यात ती दुकानात आली. "दादा, वरच्या बाजूला पोटात दुखतंय, पित्त झालंय वाटतं. डोकं पण ठणकतंय." मी पित्ताची गोळी दिली. काउंटरखाली बीपीचं मशीन होतं. विकायला ठेवलेलं, खोक्यात.

ते पित्त नव्हतं. प्रीएक्लॅम्प्सियात लिव्हर सुजून तिथंच दुखतं. मी डी फार्म झालेला माणूस, मला हे शिकवलेलं होतं. पहाटे तिला झटके आले. सिव्हिलला पोचलो तेव्हा बीपी १८०/१२०. तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टर बाईने मॅग्नेशियम सल्फेट दिलं, सिझर केलं. बत्तिसावा आठवडा. बाळ १३५० ग्रॅमचं, महिनाभर काचेच्या पेटीत. दोघं वाचले. पोरगं आता अंगणवाडीत जातं, चष्मा फार जाड आहे त्याचा. बहीण मला काही बोलली नाही, आजवर नाही. तिच्या सामानात त्या पुड्यांचा अर्धा डबा परत आला तो माझ्या गल्ल्याच्या मागे अजून ठेवलाय.

त्या दिवसापासून माझ्या दुकानात गरोदर बाईचं बीपी फुकट बघतो. त्याचं कौतुक नको, चार वर्षं उशिरा आहे ते.

त्या रात्री कामी काय आलं ते बघा. मॅग्नेशियम सल्फेट. जुनं, स्वस्त, कुठलीही कंपनी जाहिरात करत नाही असं इंजेक्शन. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांवर चाचणी होऊन सिद्ध झालं की त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. त्याआधी काम करू शकलं असतं ते बीपीचं मशीन आणि लघवीतली प्रथिनं बघायची पट्टी. एका पुडीच्या पैशात तशा चार-पाच पट्ट्या येतात. आणि कॅल्शियम. ज्या भागात दूधदुभतं कमी खाल्लं जातं तिथं कॅल्शियमच्या गोळीने प्रीएक्लॅम्प्सिया खरंच कमी होतो, हे तपासलेलं आहे. सरकारचाच नियम आहे २०१४ पासूनचा, चौथ्या महिन्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, आणि बाळंतपणानंतर सहा महिने. बंगळूरमध्ये ११ हजार बायकांवर आणि टांझानियात तेवढ्याच बायकांवर चाचणी झाली, २०२४ मध्ये छापून आली. त्यात रोज ५०० मिलिग्रॅमनेही १५०० मिलिग्रॅमइतकंच काम झालं. म्हणजे स्वस्तातली गोष्ट आणखी स्वस्त झाली. ज्यांना आधी असा त्रास झालाय, ज्यांना आधीपासून बीपी किंवा शुगर आहे, त्यांना डॉक्टर कमी डोसची ॲस्पिरिन लवकर सुरू करतात. ती मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नाही, माझ्यासारख्या दुकानदाराला विचारून तर नाहीच.

ह्या शिबिरात कॅल्शियम का नव्हतं? मी विचारलं. उत्तर मिळालं, "स्टॉक संपलाय, मागणी केलीय." हिशोब करा. दीडशे बायका, पंधरा पुड्या, ३८ रुपये. एमआरपीने ८५,५०० रुपये. तेवढ्यात तालुक्यातल्या प्रत्येक उपकेंद्राला एकेक बीपी मशीन, सेलसकट, आणि वर पट्ट्यांच्या बाटल्या आल्या असत्या. पण मशीनवर फोटो छापता येत नाही म्हणे. येतो की! छापा. मी स्टिकर फुकट करून देतो.

"पण नुकसान तर नाही ना?" हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच. २००६ च्या चाचणीत कमी वजनाची बाळं जास्त निघाली, हे वर लिहिलंय. ते सोडा. महिन्याचे ११४० रुपये. ज्या घरात बाईच्या ताटात आठवड्याला दोन अंडी येत नाहीत त्या घरातून हे पैसे जातात. सात रुपयाने धरलं तर दीडशेवर अंडी होतात. आणि सगळ्यात मोठं नुकसान पैशाचं नाही. पुडी घेतली की बाईला आणि घरच्यांना वाटतं आपण वारेची काळजी घेतली. मला वाटलं होतं तसं.

"मग खाण्यात काही नाही का?" आहे. ती एन्झाइमं हवेतून होत नाहीत. डिस्म्युटेजला तांबं, जस्त आणि मँगनीज लागतं, पेरॉक्सिडेजला सेलेनियम, कॅटालेजच्या पोटात लोह असतं. हे सगळं डाळी, शेंगदाणे, तीळ, बाजरी, पालेभाजी, अंडी, मटण-मासे यांतून येतं. पुण्याजवळच्या सहा गावांत शोभा राव, चित्तरंजन याज्ञिक वगैरेंनी आठशेच्या आसपास गरोदर बायकांचं खाणं लिहून काढलं होतं. २००१ मध्ये छापलं. पालेभाजी, फळं, दूध ज्या जास्त खात होत्या त्यांची बाळं अंगाने मोठी निघाली. पण इथंही मी ढोल वाजवणार नाही. पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पालेभाजी-फळं-दुधाचा रोजचा खाऊ देऊन बघितला, तेव्हा सरसकट सगळ्या बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. दिवस राहण्याआधी तीन महिने तरी ज्यांनी तो सुरू केला होता त्यांच्यात थोडा दिसला, आणि गरोदरपणातला मधुमेहही कमी आढळला. म्हणजे सातव्या महिन्यात पुडी वाटून काय होणार? पोरीच्या ताटाकडे लग्नाआधीपासून बघायला हवं. आपल्याकडे सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं ती खाते. देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, सरकारच्याच पाहणीचा आकडा, ५२.२ टक्के. लोहाच्या १८० गोळ्या फुकट मिळतात, त्या फडताळात पडून असतात कारण मळमळतं. मळमळत असेल तर रात्री जेवून घ्या. कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. एवढं सांगायला शिबिरात कुणी नव्हतं.

आणि मिश्री. ह्यावर बोललं की आमच्याकडे बायका हसतात. तव्यावर भाजलेला तंबाखू आहे तो, निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे जिथं अडचण आहे नेमकी तिथंच आणखी आवळतं. मुंबईत १२१७ बायकांवर अभ्यास झाला, २००४ मध्ये छापला. मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरली, दिवस न भरताही जास्त जन्मली. अँटिऑक्सिडंट पुडी दुधातून घ्यायची आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची, असं मी स्वतः पाहिलंय. पुडी देणाऱ्याने विचारलंच नाही.

आशाताईंवर हे ढकलू नका. त्यांच्या हातात मशीनच नाही, आणि त्यांचा मोबदला किती आणि किती महिन्यांनी येतो हे आपल्याला माहीत आहे. कार्डावर ११०/७० लिहायला लावतं ते वरचं टार्गेट. रकाना रिकामा दिसला तर मीटिंगमध्ये बोलणी बसतात, खोटा भरला तर कुणी विचारत नाही. माझं भांडण त्या रकान्याशी आहे.

गरोदर बायांनो आणि त्यांच्या नवऱ्यांनो, सासवांनो, तपासणीला गेल्यावर दंडाला पट्टा बांधला का ते बघा. बांधला नसेल आणि आकडा लिहिला असेल तर तिथंच म्हणा, परत बघा. १४०/९० किंवा वर असेल तर घरी जायचं नाही, डॉक्टरांना भेटायचं. डोकं सारखं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, बरगडीखाली वरच्या पोटात दुखतंय, तोंड-हात एकदम सुजलेत, ह्यातलं एक जरी असलं तरी मेडिकलमध्ये पित्ताची गोळी मागायला येऊ नका. आलात तर मी देणार नाही.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज मी लिहिलाय. तीन मागण्या आहेत. प्रत्येक उपकेंद्रावर चालू बीपी मशीन आणि लघवीच्या पट्ट्या, कॅल्शियमचा साठा किती आणि कधीपासून नाही हे बोर्डावर लिहिणं, आणि सरकारी शिबिरात 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेला माल वाटायला बंदी. अर्ज दुकानात ठेवलाय, सही करायला या. कुठल्याही पार्टीचे असा, पेन एकच आहे.

येत्या ९ तारखेला ग्रामीण रुग्णालयात गरोदर मातांची महिन्याची मोफत तपासणी आहे. मी सकाळी दहापासून गेटजवळ बसणार आहे, दोन मशीन आणि सेलचं अख्खं पाकीट घेऊन. आत कार्डावर काय लिहिलंय आणि बाहेर मशीन काय दाखवतंय, दोन्ही आकडे वहीत लिहून घेणार. नावं लिहिणार नाही. कुणाकडे चालू मशीन असेल तर घेऊन या, तीन असली तर रांग लवकर सरकेल.